पोस्टरवर ‘बंदी घातलेले चित्रपट’ असं छापू नका

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या आणि कॉलेजांमधल्या चित्रपट मंडळांच्या कार्यकारिणीस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, चीनमधल्या स्वतंत्र माहितीपटांचे खेळ लावायचे ठरले की पोस्टरवर पहिली ओळ हटकून एकच येते : ‘चीनने बंदी घातलेले चित्रपट’. ती ओळ आधी काढा. मग बाकीचं बोलू.

पहिलं म्हणजे ती खरी नाही. बंदी घालायची तर चित्रपट आधी परवान्यासाठी जावा लागतो. चीनमध्ये परवाना मिळालेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर ड्रॅगनची मुद्रा येते. १९५७ची ‘उजव्यां’विरुद्धची, म्हणजे पक्षविरोधी ठरवलेल्यांविरुद्धची मोहीम, १९५९ ते ६१ची उपासमार, १९६६ ते ७६ची सांस्कृतिक क्रांती यांच्या आठवणी टिपणाऱ्या बहुतेक दिग्दर्शकांनी ती मुद्रा मागितलीच नाही. त्यामुळे कुणी कागदावर ‘नाही’ म्हणण्याचाही प्रश्न आला नाही. हे माहितीपट कॅफेत, चित्रकारांच्या स्टुडिओत, विद्यापीठाच्या वर्गात, डीव्हीडीच्या प्रतींतून फिरले. वर्षानुवर्षं या कारभाराकडे कानाडोळा होत होता, आणि मनात येईल तेव्हा होतही नव्हता. १ मार्च २०१७ला चित्रपट उद्योगाविषयीचा नवा कायदा लागू झाला. परवान्याशिवाय चित्रपट दाखवायचाही नाही आणि महोत्सवाला पाठवायचाही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे जी जागा संपली ती परवाना आणि बंदी यांच्या मधली. पोस्टरवरच्या ‘बंदी’ या शब्दात ही मधली जागा दिसतच नाही, आणि या चळवळीचं सगळं आयुष्य तिथंच गेलेलं आहे.

ही मधली जागा कशी आक्रसत गेली याच्या तारखा चर्चेच्या वेळी हाताशी असू द्या. कुनमिंगचा युनफेस्ट आणि नानजिंगचा स्वतंत्र चित्रपट महोत्सव, दोन्ही २००३चे. २००७ला युनफेस्टने हु जिए यांचा ‘दो आय अ‍ॅम गॉन’ निवडला आणि त्यापायी महोत्सवच थांबवावा लागला. नंतर तो आडबाजूला, दाली गावी झाला. बीजिंगच्या पूर्वेला सोंगच्वांग इथं भरणाऱ्या स्वतंत्र महोत्सवाची २०१२ला उद्‌घाटनाच्या दिवशीच वीज गेली. ऑगस्ट २०१४ला तो भरूच दिला नाही. तो भरवणाऱ्या ली शियानतिंग फिल्म फंडाने वर्षानुवर्षं जमवलेला चित्रपटसंग्रह, कागद आणि संगणक पोलीस घेऊन गेले. जानेवारी २०२०ला नानजिंगवाल्यांनी आपण होऊन दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. मुंबईत २००४ला माहितीपट महोत्सवासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली, तेव्हा इथल्या माहितीपटवाल्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ भरवला होता. तुलना तेवढ्यापुरतीच करा. इथं समांतर महोत्सव भरवता आला, आणि त्याची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली.

ती ओळ काढायचं दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे, पण ते सुरक्षिततेशी जोडलेलं आहे, म्हणून पुढे येईल. तिसरं अगदी व्यवहाराचं. ‘बंदी’ वाचून जो प्रेक्षक येतो तो सनसनाटीसाठी येतो. त्याच्यापुढे तीन तास एक आजीबाई खुर्चीत बसून बोलते. तो पाऊण तासात चहाला उठतो आणि परत येत नाही.

निवडीबद्दल थोडक्यात. पहिल्याच दिवशी लांब पल्ल्याचा चित्रपट लावू नका. ‘दो आय अ‍ॅम गॉन’ (२००६) तासाभराहून थोडा मोठा आहे. सुरुवात त्याने करा. ५ ऑगस्ट १९६६ला बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका ब्येन चोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारून टाकलं. त्यांचे पती वांग जिंगयाओ यांनी पत्नीच्या मृतदेहाचे, घराच्या दारा-भिंतींवर चिकटवलेल्या मोठ्या अक्षरांतल्या पोस्टरांचे, स्मशानाच्या धुराड्याचे फोटो काढले. चाळीस वर्षांनी ते कॅमेऱ्यापुढे जपून ठेवलेली वस्तू एकेक करून बाहेर काढतात : रक्ताचे डाग पडलेले कपडे, बंद पडलेलं घड्याळ. हात कापत नाहीत. पुरावा दाखवणाऱ्या माणसाचे असतात तसे ते हात आहेत. या एका प्रसंगात तुमच्या प्रेक्षकाला कळेल की हे माहितीपट काय करतात. जे कोर्टात कधी मांडता आलं नाही, ते इथं मांडून ठेवलं जातं.

त्यानंतर वु वेनग्वांग यांचा ‘लोकस्मृती प्रकल्प’. वु यांनी १९९३मध्येच माजी रेड गार्डना, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीत उतरलेल्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांना, कॅमेऱ्यापुढे बसवून एक माहितीपट केला होता. २०१०च्या सुमारास बीजिंगच्या त्साओचांगदी स्टुडिओतून त्यांनी तरुण मुलामुलींना आपापल्या गावी धाडलं. काम एवढंच, की म्हाताऱ्यांना उपासमारीबद्दल विचारायचं आणि गावातले कोण कोण गेले याची नावं लिहायची. हजाराहून अधिक मुलाखती जमल्या. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्या जतन केल्या आहेत. यातले चित्रपट लहान, ओबडधोबड आणि फार जिवंत आहेत. कॉलेजच्या मंडळांनी हेच आधी घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण कॅमेरा धरणारी मुलगी प्रेक्षकांच्याच वयाची असते, आणि तिचे आजोबा तिला सारखं म्हणत असतात, ‘हे कशाला विचारतेस?’

दिग्दर्शक वांग बिंग यांचे चित्रपट शेवटी. गान्सू प्रांतातल्या गोबी वाळवंटाच्या कडेला जियाबियानगोउ नावाची श्रमछावणी होती. १९५७ ते ६१ या काळात तिथं ‘उजवे’ ठरवलेले सुमारे तीन हजार लोक पाठवले गेले. त्यातले पाचशेच्या आसपास वाचले. वांग यांनी २००५पासून वाचलेल्यांना गाठायला सुरुवात केली. ‘डेड सोल्स’ (२०१८) ४९५ मिनिटांचा आहे. ‘फेंगमिंग’ (२००७) तीन तासांचा, एका बाईचा, जवळजवळ एका खुर्चीचा. त्याच छावणीवर प्राध्यापक आय शियाओमिंग यांचा पाच भागांचा माहितीपट २०१७ला आला. दोन्ही एकाच आठवड्यात लावायचा मोह आवरा. प्रेक्षक थकतो आणि दोन वेगळ्या पद्धती एकमेकींत मिसळून जातात.

लांबीचं गणित खेळापूर्वी कागदावर मांडा. ४९५ मिनिटं म्हणजे १६५ मिनिटांच्या तीन बैठका. पण मध्यंतर कुठं पाडायचं हे घड्याळ बघून ठरवू नका, वितरकाला विचारा. एका माणसाचं बोलणं मध्येच तोडून समोसे वाटायला उठलात तर पुढचा अर्धा तास वाया जातो. रविवारी सकाळी दहाला सुरू करून दोन लांब सुट्ट्यांसह रात्री आठ-साडेआठला सुटेल, असं धरा आणि हे तिकिटावर छापा. तुकड्या-तुकड्यांत चार शनिवारी दाखवला तर दुसऱ्या शनिवारी निम्मेच लोक येतात आणि त्यांना पहिल्या भागातली नावं आठवत नाहीत. ‘निवडक एक तास’ तर कृपा करून करू नका. आठव्या माणसाने तीच गोष्ट सांगितल्यावर जे समजतं ते पहिल्याच माणसाकडून समजत नाही. चित्रपटाची लांबी त्यासाठी आहे.

आता यंत्रं. २०००च्या दशकातलं बहुतेक काम मिनी डीव्ही टेपवर झालेलं आहे. हाताच्या तळव्यात मावेल एवढी टेप, साठ मिनिटांची. कॉम्प्युटरवर उतरवली की तासाला साधारण १३ जीबी. चीनमध्ये आपल्यासारखीच व्हिडिओची पाल (PAL) पद्धत होती, म्हणजे ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, त्यातली प्रत्येक दोन अर्ध्यांची, एकाआड एक ओळींची. आपल्याकडे जुने व्हिडिओवाले अजून आहेत, त्यांना हे पाठ आहे. नव्या प्रोजेक्टरवाल्याला सांगावं लागतं. बिघाड नेहमी तीनच ठिकाणी होतो.

एक, चेहरे. ही ७२०×५७६ची चौकट ४:३ दाखवायची असते. फाइलमधली खूण वाचली गेली नाही तर चेहरे किंचित उभट होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पडदा भरावा म्हणून कुणी १६:९ केलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो, आणि हे मात्र लक्षात येऊनही कुणी बदलत नाही, कारण ‘पडदा रिकामा दिसतो’. पडद्याच्या दोन्ही बाजू काळ्या राहू द्या. उपासमारीतून वाचलेल्या माणसाला गुबगुबीत करून दाखवणं ही अक्षम्य चूक आहे.

दोन, ओळी. कॅमेरा हलला की कडांना कंगव्यासारखे दात दिसले, तर दोन अर्धी चित्रं एकत्र करायची सोय प्लेअरमध्ये बंद आहे. ती चालू करा. आणि दात न दिसता चित्र पुढे-मागे असं थरथरत असेल, तर अर्ध्यांचा क्रम उलटा लागला आहे. डीव्ही टेपमध्ये खालचं अर्धं आधी येतं, डीव्हीडी बहुधा वरच्यापासून सुरू होते. फाइल बनवताना हा क्रम चुकला असेल तर सभागृहात काही करता येत नाही, म्हणून प्रत निदान दहा दिवस आधी मागवा आणि पूर्ण बघा. पहिली पाच मिनिटं बघून ‘ओके’ म्हणू नका.

तीन, वेग. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची प्रत, केली असेल तर ती २५ फ्रेमची आहे की २४ची, हे विचारा. २५चं २४ केलं की वांग बिंग यांचा ५५१ मिनिटांचा ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ ५७४ मिनिटांचा होतो आणि सगळ्यांचे आवाज चार टक्क्यांनी खाली जातात. तेवीस मिनिटांनी शेवटची लोकल चुकते, हा त्यातला लहान तोटा.

आवाजाबद्दल एकच. यातलं बरंच रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्याच माइकवरचं आहे. वाळवंटात वाऱ्याचा घोंगावता आवाज येतो, घरात फ्रिजची घरघर येते. सभागृहातला उत्साही साउंडवाला ते कापायला बघतो आणि त्याबरोबर म्हाताऱ्या माणसाच्या आवाजाचा खालचा भागही कापला जातो. हात बांधून बसायला सांगा. साउंडसिस्टिममधले ‘सराउंड’चे खेळही बंद, आवाज समोरून आला पाहिजे.

‘फेंगमिंग’ लावणार असाल तर प्रोजेक्टरवाल्याला एक गोष्ट आधीच कानात सांगून ठेवा. ह फेंगमिंग बोलत असतात, कॅमेरा हलत नाही, आणि बाहेरचा उजेड हळूहळू जातो. त्या दिसेनाशा होत जातात. लोक मागे वळून केबिनकडे बघायला लागतात. प्रोजेक्टरवाला दिव्याचं काहीतरी झालं म्हणून ब्राइटनेस वाढवतो, आणि पडद्यावर करड्या मुंग्या नाचू लागतात. काही झालेलं नसतं. संध्याकाळ झालेली असते. थोड्या वेळाने दिग्दर्शकच त्यांना दिवा लावायला सांगतो. तो काळोख बिघडवलात तर त्या बाईचा नवरा त्याच छावणीत मेला हे सांगणं तुम्ही ट्यूबलाइटखाली आणलंत.

आता मराठी उपशीर्षकं. इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. इंग्रजी उपशीर्षकांवरून मराठी करणं सोपं जातं, पण इंग्रजीत निम्मं गाळलेलं असतं. पडद्यावर चिनी अक्षरं आधीच छापलेली असतात, कारण गान्सूच्या किंवा हुनानच्या म्हाताऱ्याची बोली बीजिंगच्या प्रेक्षकालाही कळत नाही. तेव्हा चिनी वाचणारं एक माणूस शेजारी बसवाच. त्याने फक्त गाळलेलं सांगावं, मराठी तुम्ही करा.

शब्द कुठं दगा देतात त्याचे नमुने. ‘उजवा’ ठरवलं गेलं याला चिनीत ‘टोपी घातली’ म्हणतात, आणि त्यातून सुटला की ‘टोपी काढली’. शब्दशः मराठी केलंत तर ‘मला १९५८ला टोपी घातली’ यावर अख्खं सभागृह हसेल. आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं. ‘शिक्का बसला’ आणि ‘शिक्का पुसला’ लिहा. पण शिक्का पुसला म्हणजे माणूस निर्दोष ठरला असं नव्हे. त्यासाठी ‘पिंगफान’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो बहुतेकांच्या वाट्याला १९७८-७९नंतर, पुष्कळांच्या वाट्याला मेल्यानंतर आला. ‘निर्दोष ठरवलं’ असा वेगळा शब्द ठेवा, दोन्हींची सरमिसळ करू नका. साडेपाच लाखांच्या आसपास लोकांवर हा शिक्का बसला होता.

तसंच श्रमछावणीचे दोन प्रकार, ‘लाओच्याओ’ आणि ‘लाओगाय’. पहिल्यात तेव्हा कोर्ट नव्हतं, शिक्षेची मुदत नव्हती, नुसता प्रशासनाचा हुकूम. दुसऱ्यात निदान कागदोपत्री खटला. जियाबियानगोउ पहिल्या प्रकारात. दोन्हींना ‘तुरुंग’ लिहिलं तर ‘माझ्यावर कुठला गुन्हा होता ते मला कधीच कळलं नाही’ या वाक्यातला जीव जातो.

आणि सर्वात मोठा सापळा आपल्याच भाषेत आहे : ‘दुष्काळ’. १९५९ ते ६१साठी हा शब्द हातात आयता येतो. पण मराठी माणूस दुष्काळ म्हणाला की पाऊस पडला नाही असं ऐकतो, आणि लगेच बहात्तर साल, मिलो, सुकडी, खडी फोडणं आठवतो. चीनमध्ये सरकारी भाषेत त्या वर्षांना बराच काळ ‘तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ती’ म्हणत होते, नंतर ‘अडचणीची तीन वर्षं’. म्हणजे ‘दुष्काळ’ लिहून आपण नकळत सरकारी बाजूच मांडतो. धान्य पिकल्याचे खोटे आकडे, त्यावर बेतलेली वसुली, शेतावरची माणसं परसातल्या लोखंडाच्या भट्ट्यांवर, सामुदायिक स्वयंपाकघरं आणि गाव सोडायला मज्जाव, हे सगळं ‘दुष्काळा’त बसत नाही. ‘उपासमार’ लिहा. मात्र बोलणारा माणूस स्वतः सरकारी शब्द वापरत असेल तर तोच ठेवा, दुरुस्त करू नका. कोण कुठला शब्द उचलतो हेच तर ऐकायचं असतं. कित्येक म्हातारे नुसतं ‘साठ साल’ म्हणतात, आणि त्यात तिन्ही वर्षं येतात. आपण ‘बहात्तर’ म्हणतो तसंच. ते तसंच ठेवलं तर चालतं.

मापं. ‘जिन’ म्हणजे अर्धा किलो. त्याला शेर लिहू नका, शेर ९३३ ग्रॅमचा होता. ‘लिआंग’मध्ये तर खरी मेख आहे. १९५९पर्यंत एका जिनचे १६ लिआंग होते, आपल्या शेराच्या १६ छटाकांसारखे. मग सरकारने ते १० केले. म्हणजे ‘दिवसाला सात लिआंग धान्य मिळायचं’ हे वाक्य जुन्या मापाने २१९ ग्रॅम होतं आणि नव्याने ३५० ग्रॅम. माणूस कुठल्या महिन्याबद्दल बोलतोय हे ठरवल्याशिवाय ग्रॅमचा आकडा टाकू नका. ठरत नसेल तर ‘सात लिआंग’ असंच लिहा. याउलट ‘मू’ बिनदिक्कत फोडून सांगा. एक मू म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून किंचित जास्त. १९५८च्या फुशारकीत ‘एका मूला दहा हजार जिन भात’ असं छापून यायचं. आकडा तसाच ठेवला तर पुण्यातल्या प्रेक्षकाला काही बोध होत नाही. ‘एकरी तीनशे क्विंटल भात’ असं केलंत की शेतकऱ्याच्या घरचा कुणीही जागेवर दचकेल. हा उसाचा उतारा आहे, भाताचा नव्हे. पैशांच्या बाबतीत मात्र भाषा आपल्या मदतीला येते. शांघायला १९६८च्या एप्रिलमध्ये लिन चाओ या कवयित्रीला गोळी घातली आणि गोळीची किंमत म्हणून घरच्यांकडून पाच फेन वसूल केले. शंभर फेनचा एक युआन. इथं ‘पाच पैसे’ लिहा. त्याहून नेमकं कुठल्याही भाषेत व्हायचं नाही.

वयं एक-दोन वर्षांनी चुकतात, कारण जुन्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात. तारखा पुष्कळदा चांद्र महिन्यांच्या असतात. ‘दहावा महिना’ याचं ऑक्टोबर करू नका.

नावांत आडनाव आधी येतं : वांग बिंग यांतले वांग हे आडनाव. ब्रोशरमध्ये ‘बिंग यांचे’ म्हणू नका. ते आपल्याकडे ‘सत्यजित यांचे’ म्हणण्यासारखं होतं. उच्चारात मराठीची एक गंमत आहे. चिनी रोमन लिपीत ‘झेड’ दिसलं की आपण ‘झ’ म्हणतो, पण तो आवाज ‘चमचा’तला च आहे, आणि ‘जे’चा आवाज ‘चहा’तल्या च जवळचा. दोन्ही आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेले. फक्त देवनागरीत दोन्ही एकाच अक्षरात लिहायची सोय आपल्या पूर्वजांनी केल्यामुळे निवेदकाला आधी तोंडी सांगून ठेवावं लागतं.

मांडणी. दोन ओळींपलीकडे जाऊ नका, ओळीत ३५-३८ अक्षरं पुरे. खाली चिनी, त्याच्या लगत इंग्रजी, त्यावर तुमचं मराठी, असा तिहेरी गाळ झाला की वाचणारा काहीच वाचत नाही. आम्ही सुचवतो ते असं : १९२०×१०८०च्या चौकटीत चित्र १२८०×९६० करा आणि वर सरकवा. खाली १२० ओळींची काळी पट्टी मिळते, मराठी तिच्यात. वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली येत असल्याने देवनागरीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते. दोन ओळींतलं अंतर वाढवलं नाही तर वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘कै’वर बसतो. डीसीपीत मजकुराची उपशीर्षकं टाकू नका. पुष्कळ थिएटरांच्या सर्व्हरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, ‘क्रांती’चं ‘क्‌रांती’ होतं. चित्ररूपात टाका किंवा थेट चित्रात पक्की करा.

आता ते मागे ठेवलेलं दुसरं कारण. या माहितीपटांत जोखीम दिग्दर्शकाची असते असं आपल्याला वाटतं. तो बहुधा सगळं माहीत असून उतरलेला असतो. गावात राहणारे म्हातारे, त्यांची नोकरीतली मुलं, नातवंडं यांचं तसं नाही. त्सोउ शुएपिंग यांनी शांतुंग प्रांतातल्या आपल्या गावात उपासमारीवर माहितीपट केला आणि मग तो गावालाच दाखवला. हा बाहेरच्या देशात दाखवावा का, यावर गावात आणि घरात वाद झाला; तो वादच त्यांचा पुढचा चित्रपट झाला. घरच्यांची भीती आणि लाज दोन्ही त्यात आहेत. तेव्हा एका माणसाने ‘हो’ म्हटलं ते कुठवर लागू आहे, हा प्रश्न तुमच्याआधी त्या गावाने विचारलेला आहे. तुम्ही त्याचं उत्तर दरवेळी नव्याने मागा. सभागृहातल्या एका खेळाची परवानगी म्हणजे युट्यूबची परवानगी नव्हे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. पोस्टरवर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा नको. खुर्ची, घर, माळरान चालेल. ब्रोशरमध्ये चित्रपटाने सांगितलं नसेल त्या गावाचं नाव तुम्ही शोधून छापू नका. खेळाचं थेट प्रक्षेपण नाही, रील नाही. प्रेक्षकांत चिनी विद्यार्थी असतील तर त्यांचे फोटो काढू नका, आणि चर्चेत ‘तुमचं काय मत?’ म्हणून त्यांच्यापुढे माइक तर मुळीच धरू नका. चीनमध्ये राहणाऱ्या दिग्दर्शकाशी वुईचॅटवरून बोलणं टाळा. वितरकामार्फत, ईमेलने, लेखी बोला. काही जण आपल्या चित्रपटांच्या प्रती मोकळेपणाने फिरू देतात. तरी विचारा, आणि मानधन द्या. आणि ‘बंदी घातलेला’ ही ओळ तुम्ही फेसबुकवर टाकलीत की ती शोधणाऱ्याला सापडते. तिच्यासोबत ज्याचा चेहरा असतो, त्याच्या दारावर टकटक होण्याची शक्यता तुम्ही वाढवलेली असते.

इथल्या कागदांचं मात्र वेळेवर बघा. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२प्रमाणे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट सार्वजनिक दाखवायचा तर सूट मागावी लागते, महोत्सवांना ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. अर्जासोबतचा सारांश साध्या भाषेत लिहा : कोण, कुठं, कुठली वर्षं, किती मिनिटं. त्यात विशेषणं पेरायची जागा नाही.

खेळानंतरच्या चर्चेची गाडी दोन ठिकाणी हमखास रुळावरून घसरते. एक म्हणजे १९६२. उपासमार संपत येत असतानाच सीमेवर युद्ध झालं, हा योगायोग कुणीतरी काढतोच आणि पुढचा अर्धा तास तवांगला जातो. दुसऱ्या टोकाला डॉ. कोटणीस : सोलापूरच्या माणसाने प्राण दिले तो देश, मग तिथली निंदा कशाला? दोन्हींना नम्रपणे बाजूला सारा. पडद्यावरचा माणूस भारताबद्दल बोलत नाहीये. ‘चीन सगळंच नाकारतो’ हे वाक्यही पुराव्याला टिकत नाही. १९८१च्या पक्षाच्या ठरावात सांस्कृतिक क्रांती ही घोडचूक होती असं लिहिलेलं आहे. चूक झाली एवढं म्हणायला परवानगी आहे. कुणी, कुणाला, कुठल्या विहिरीजवळ, हे विचारायला नाही. माहितीपट नेमके तेच विचारतात. मृतांचा एक आकडाही ठोकून देऊ नका. उपासमारीतल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. फलकावर मोठा आकडा लिहिला की चर्चा आकड्याचीच होते, आणि ज्या गावाने आपल्या मेलेल्यांची नावं एकेक करून जमवली त्या गावाचं काम मागे पडतं.

सोंगच्वांगचा संग्रह २०१४ला गेला, कारण तो एका जागी होता. आता न्यूकॅसल विद्यापीठात चिनी स्वतंत्र चित्रपटांचा एक संग्रह उभा राहिला आहे. दिग्दर्शक आणि वितरक आपापल्या प्रती राखून आहेतच. तुमचा खेळ झाला की मराठी उपशीर्षकांची फाइल पेनड्राइव्हवर पडून राहू देऊ नका. दिग्दर्शकाला पाठवा, वितरकाला पाठवा, शेजारच्या गावातल्या सोसायटीला द्या. सोबत एक साधा कागद जोडा : तारीख, गाव, किती लोक आले, शेवटपर्यंत किती बसले. आपला चित्रपट सांगलीत किंवा अंबाजोगाईत चाळीस लोकांनी पूर्ण पाहिला ही बातमी त्यांना पुरस्काराइतकी महत्त्वाची असते, कारण चीनमध्ये आता चाळीस लोक एका खोलीत जमवता येत नाहीत.

कळावे,
उपशीर्षकं आणि प्रोजेक्शनचं काम करणारे काही जण

ता. क. : फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडच्या जुन्या सवयीने एएनएसआयमध्ये साठवली तर पुढच्या सोसायटीला सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतात.